अठरा दातांचे फ्रीव्हील

हैदराबादेत मराठी माणूस केव्हा आला, कोणत्या गल्लीत राहिला, त्याने कोणत्या संस्था काढल्या, याविषयी आपल्या स्मरणिकेत आजवर पुष्कळ लिहून आले आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी ही नावे आपल्या घरांतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. पण हाच मराठी माणूस रोज सकाळी घरातून निघून कचेरीत पोचत कसा होता, हे कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. तो सायकलने जात होता. म्हणून यंदा आम्ही सायकलीवर लिहायचे ठरवले, आणि त्यातही सायकलीच्या गिअरवर. विषय जरा लोखंडी आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे. आम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, वयाची पंचेचाळिशी ओलांडली, आणि गेल्या वर्षी धूळ खात पडलेल्या माउंटन बाइकचे गिअर बदलून तिच्यावरून कार्यालयात जाऊ लागलो. त्या खटपटीत जी जुनी माहिती हाती लागली तीच पुढे मांडत आहोत.

निजामाच्या काळात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. तिकडचा मुलगा शिकला की नोकरीसाठी त्याची वाट पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादकडे सरळ होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असे करत इकडे आली. १९१६ साली काचिगुड्याचे देखणे स्टेशन उभे राहिले. आपली बरीच मंडळी तिथे उतरली आणि फार लांब गेलीच नाहीत. काचिगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, हनुमान टेकडी, गौळीगुडा, जांबाग एवढ्यात त्यांचे सगळे जग होते. शाळा तिथे, देऊळ तिथे, वाचनालय तिथे. कचेरी मात्र तिथे नसे. ती कुठे सैफाबादला, कुठे नामपल्लीला, कुठे पार मुसीच्या पलीकडे.

म्हणजे रोज चार ते सहा किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे. टांगा किंवा झटका रोजच्याला परवडणारा नव्हता. निजाम स्टेट रेल्वेने बस वाहतूक सुरू केली ती जून १९३२ मध्ये, २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन. एवढ्या गाड्यांत संस्थानातली आणि शहरातली किती माणसे मावणार? तेव्हा चालणे किंवा सायकल असे दोनच मार्ग कारकुनापुढे उरत.

सायकल त्या वेळी इंग्लंडहून येई. रॅले, हंबर, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलिस ही नावे जुन्या मंडळींच्या तोंडी अजून आहेत. ती मुंबई किंवा मद्रासच्या बंदरात उतरली की इंग्रज सरकारची जकात लागे. मग संस्थानाच्या हद्दीत शिरताना निजामाच्या करोडगिरी खात्याची जकात वेगळी. पगार हाली सिक्क्यात मिळायचा, आणि इंग्रजी सहा रुपयांना सुमारे सात हाली रुपये मोजावे लागत. असे सगळे चुकते करून जी वस्तू घरात येई तिला लोक घरातल्या माणसासारखी जपत. रात्री ती ओसरीवर नव्हे, माजघरात उभी राहत असे. मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक. अर्थात मुले हात लावतच. सीटपर्यंत पाय पोचत नसला की मधल्या नळीखालून पाय घालून, आपल्या हैदराबादी भाषेत ‘कैची’ मारून, बडी चावडीच्या उतारावर धडपडलेली एक अख्खी पिढी आज सत्तरीत आहे.

ज्याला विकत घेणे जमत नसे त्याला तासावर भाड्याने सायकल मिळे. त्या दुकानाला इकडे ‘सायकल टॅक्सी’ म्हणत. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून हसू येते, पण आमच्या कानाला तो कधी खटकला नाही. तासाचे भाडे, वहीत नाव, कोणातरी ओळखीच्याची हमी. ज्येष्ठ मंडळी सांगतात की रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस चाकातली हवा सोडून देत. रॉकेलचा दिवा, नंतर चाकाला घासून चालणारा डायनॅमो, हे दोन्ही सायकलीचे अलंकार होते. कोठीच्या विमेन्स कॉलेजात सायकलने जाणाऱ्या मुलींत मराठी घरांतल्या मुलीही होत्या. त्यांपैकी दोघी-तिघी आज आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना नातवंडांचा हात धरून येतात. त्यांच्याकडून त्या काळच्या गोष्टी कोणीतरी लिहून घ्यायला हव्यात, आणि लवकर घ्यायला हव्यात.

आता गिअरकडे येऊ. त्या जुन्या सायकलीला एकच गिअर असे. आम्ही नात्यातल्या एका घरी माळ्यावर ठेवलेली काळी सायकल खाली उतरवून दात मोजले. पुढे ४४ आणि मागे १८. चाक अठ्ठावीस इंची. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरले की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे साधारण २.४४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ वेळा पायडल मारले, जे न दमता सहज जमते, तर वेग पडतो ताशी सुमारे २० किलोमीटर. कचेरीला जाणाऱ्या माणसाला अगदी नेमका.

सायकलवाले गिअर इंचांत का मोजतात यामागेही इतिहास आहे. सुरुवातीच्या उंच सायकलींना साखळी नव्हती, पायडल थेट पुढच्या मोठ्या चाकालाच जोडलेले असे. वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाक किती मोठे घ्यायचे ते स्वाराच्या पायांच्या लांबीवर. पन्नास-साठ इंचांच्या पुढे माणसाचे पाय पुरत नसत. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि मागच्या चाकाला साखळीने गती मिळे. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला काढलेली बुश-रोलर साखळी अशा कामासाठी आयती तयार होती. आता चाक लहान ठेवूनही मोठ्या चाकाचा परिणाम मिळू लागला. ४४ आणि १८ दातांची अठ्ठावीस इंची सायकल ही हिशेबाने अडुसष्ट इंची उंच चाकासारखी चालते. म्हणून तिचा गिअर ‘६८ इंच’. एवढ्या उंच चाकावर बसायला माणूस साडेसात-आठ फुटांचा हवा होता. ते काम एका साखळीने केले, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी कोणी असे सांगितले असते तर ‘व्हेलॉसिटी रेशो’चा धडा आम्ही घोकून पाठ केला नसता.

मराठी माणसाचा आणि सायकलीचा संबंध नुसता स्वारीपुरता नाही. १८८८ साली, म्हणजे बेलफास्टमध्ये डनलप यांनी हवेचा टायर काढला त्याच साली, बेळगावात किर्लोस्कर बंधूंचा सायकलचा उद्योग सुरू झाला. किर्लोस्कर समूह आपले जन्मवर्ष तेच मानतो. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि तिथून सायकली बेळगावला धाडत, त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, दुरुस्त करत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. मराठी मुलखातल्या एका मोठ्या कारखानदारीचा पाया सायकलच्या दुकानात घातला गेला, ही गोष्ट आम्हाला नांगराइतकीच महत्त्वाची वाटते. सायकल दुरुस्त करताना माणसाला बेअरिंग, आटे, साखळी आणि दातेरी चक्र यांची सवय होते. त्या सवयीवर पुढचे कारखाने उभे राहिले.

मग प्रश्न असा की, सायकल एवढी रुजली तरी तिचे गिअर आपल्याकडे का रुजले नाहीत? युरोपात तर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच होते. अर्थात तिथेही ते सुखासुखी आले नाहीत. फ्रान्सच्या सेंट-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ, टोपणनाव ‘व्हेलोसिओ’, आपल्या मासिकातून बदलत्या गिअरचा जोरदार प्रचार करत होते. १९०२ मध्ये तिथल्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली. त्यात मार्थ हेस नावाच्या बाईंनी तीन गिअरच्या सायकलीवर सगळा रस्ता जमिनीला पाय न टेकवता पार केला. एका गिअरवर त्याच रस्त्यावर उतरलेला एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू होता. निकाल उघड होता. तरीही पुढे ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आँरी देग्रांज यांनी लिहिले की बदलते गिअर पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी आहेत, मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. आमच्या वयाच्या माणसाला हे वाक्य जरा लागते, पण त्यात सवलतही आहे, ती आम्ही आनंदाने घेतली. देग्रांज आपल्या मताला चिकटून राहिले. १९३६ मध्ये त्यांच्या हातातून शर्यतीची सूत्रे गेली आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली.

इंग्लंडने वेगळा मार्ग धरला. १९०२ च्या सुमारास नॉटिंगहॅमला स्टर्मी-आर्चरची तीन गिअरची हब निघाली. यात साखळी इकडून तिकडे उडी मारत नाही, सगळी चक्रे मागच्या हबच्या पोटात असतात. मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रे फिरतात. मधला गिअर सरळ, वरचा त्याच्या एक तृतीयांशाने जड, खालचा एक चतुर्थांशाने हलका. आपल्या ६८ इंची सायकलीला ती बसवली तर ५१, ६८ आणि ९१ असे तीन गिअर मिळतात. चिखल नाही, धूळ नाही, तेलाचे चार थेंब टाकले की झाले. अशा हबची रॅले हैदराबादेतही कोणाकोणाकडे होती, पण ती बहुधा डॉक्टर, वकील किंवा मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे. कारकुनाला ती परवडत नव्हती. बिघडली तर उघडणारा मिस्त्रीही हरएक गल्लीत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर निर्बंध आले आणि देशी कारखाने उभे राहिले. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अॅटलस, लुधियानाला हिरो. या कारखान्यांनी देशाला कोट्यवधी सायकली दिल्या, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण सायकल तीच राहिली. अठ्ठावीस इंची चाक, सळईचे ब्रेक, कॉटर पिनचे क्रँक आणि मागे अठरा-वीस दातांचे एकच फ्रीव्हील. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, कारकून सगळ्यांना एकच साचा. ती स्वस्त होती, तिचा भाग खेड्यातल्या दुकानातही मिळे आणि हातोडी-पान्यावर ती दुरुस्त होई. गिअर म्हणजे शौक, असे कारखान्यांनी ठरवून टाकले आणि गिऱ्हाइकानेही मान्य केले. ‘आपले रस्ते सपाट, गिअर कशाला?’ हे कारण नेहमी दिले जाते. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. बोरघाट चढणारी मुंबई–पुणे सायकल शर्यत आणि तिच्यातला ‘घाटाचा राजा’ हा किताब महाराष्ट्रात उगाच आलेला नाही. रस्त्यांना चढ होतेच. चढ आला की खाली उतरून ढकलायचे, ही आपल्या लोकांची सवय झाली होती, इतकेच.

हैदराबादपुरते बोलायचे तर एक गोष्ट मात्र खरी होती. जुने शहर मुसीच्या दोन्ही काठांनी पसरले होते. काचिगुड्याहून कोठी, आबिड्स करत सैफाबादला जाताना चढ लागतो तो सोसण्यासारखा. नौबत पहाड बाजूने गेला तरी चालतो. ६८ इंचांचा गिअर आणि ते शहर एकमेकांना शोभत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बरेच मराठी नोकरदार तिकडे पाठवले गेले आणि जे राहिले ते इथलेच झाले. त्या राहिलेल्यांच्या सायकली पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच रस्त्यांवर त्याच वेळेला धावत होत्या. मग स्कूटर आली आणि सायकल माळ्यावर गेली.

नंतर शहरच जागचे उठले. पश्चिमेकडच्या खडकाळ टेकड्यांवर, जिथे आधी दगड आणि झुडपे होती, तिथे बंजारा हिल्स, जुबिली हिल्स वाढले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स झाले आणि कामधंद्याचा भार तिकडे सरकला. दख्खनच्या या ग्रॅनाइटच्या टेकड्या घाटासारख्या उंच नाहीत, पण चढ आखूड आणि उभे आहेत. सिग्नलला थांबून पुन्हा चढावरच सुरुवात करायची असते. तिथे एका गिअरची सायकल ओढणे म्हणजे गुडघ्यांचा जीव घेणे. सायकल हैदराबादेतून हद्दपार झाली याला लोक वाढती मिळकत आणि मोटारसायकल ही कारणे देतात. ती आहेतच. आमच्या मते त्यात हेही जोडले पाहिजे की शहर डोंगरावर चढले आणि आपली सायकल मात्र मुसीकाठच्या रस्त्यांची राहिली.

डोंगरावर चढणारी सायकल त्या सुमारास जन्मली होती, पण दूर अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली टेकडीवरून सोडत. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने त्यासाठी खास सांगाडा बनवला, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने विक्री सुरू केली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ दुकानांत आली. आपल्याकडे १९९० च्या दशकात ते रूप आले, गिअर मागाहून. आमच्या कॉलेजच्या दिवसांत जाड टायरची, सरळ हँडलची ‘रेंजर’ घेणे ही मोठी ऐट होती. दिसायला डोंगरी, पण बहुतेकींना गिअर एकच. पुढे इंडेक्स गिअर, म्हणजे खटका दाबला की साखळी नेमक्या चक्रावर बसते ती जपानी व्यवस्था, स्वस्त झाली. मग ‘एकवीस गिअर’ हा शब्द मुलांच्या वाढदिवसाच्या हट्टात शिरला. आज आपल्या अपार्टमेंटांच्या जिन्याखाली ज्या सायकली गंजत आहेत त्यांतल्या बऱ्याच याच. मुलगा दहावीला गेला, सायकल तिथेच राहिली. आमच्याही घरी हेच घडले आणि तीच सायकल आम्ही बाहेर काढली.

काचिगुड्याहून आमचे कार्यालय सुमारे नऊ किलोमीटर. नारायणगुडा, हिमायतनगर, लिबर्टी, मग खैरताबाद आणि शेवटी एर्रम मंझिलचा चढ. पहिल्या आठवड्यात ध्यानात आले की सायकल डोंगरासाठी बांधलेली आहे. पुढे ४२, ३४ आणि २४ दातांची तीन चक्रे, मागे १४ ते २८ दातांची सात. सर्वांत हलका गिअर २२ इंचांचा. त्यात पायडल गरागरा फिरते आणि माणूस जवळजवळ जागीच राहतो. खडकाळ पायवाटेवर तो हवाच, डांबरावर कधी लागत नाही. सर्वांत जड गिअर ७७ इंचांचा. उताराला पाय हवेत फिरतात. शिवाय खोल नक्षीचे जाड टायर रस्त्याला चिकटून घोंघावतात. मागून येणाऱ्या बसच्या पुढे राहायचे, निदान तिच्या वाटेतून लवकर बाजूला व्हायचे, तर हा वेग पुरेसा नाही. घरात यावर बरीच चर्चा झाली. सौ.चे म्हणणे होते की वेग वाढवण्यापेक्षा सायकल सोडावी, आणि या शहराची रहदारी पाहता ते म्हणणे चूक नव्हते. आमचे म्हणणे, रहदारीत सर्वांत धोक्याचा तो जो डगमगत, हळू आणि दमून चालवतो. शेवटी तोड निघाली ती अशी: आरसा, पुढे-मागे दिवे, हेल्मेट आणि अंधार पडण्याआधी घरी.

एका मोठ्या दुकानात सांगण्यात आले की हिला हात लावण्यात अर्थ नाही, नवी हायब्रिड घ्या. चप्पल बाजारातल्या आमच्या मिस्त्रीचाचांचे मत निराळे पडले. त्यांचे वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी सायकल उलटी केली, क्रँक हलवून पाहिले आणि म्हणाले, ‘साब, फ्रेम अच्छा है, बाकी सब बदल सकते.’ नव्या सायकलीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात काम झाले.

काम काय झाले ते जरा तपशिलाने सांगतो, कारण घरोघरी अशाच सायकली आहेत. पुढचा क्रँक बदलून ४८, ३८ आणि २८ दातांचा घेतला. नवा क्रँक घेताना मधल्या धुरीची लांबी जुळली पाहिजे, नाहीतर साखळी तिरकी धावते किंवा मोठे चक्र मागच्या नळीला घासते. ४८ दातांच्या चक्राची त्रिज्या ४२ च्या चक्रापेक्षा १२ मिलिमीटर जास्त, म्हणून पुढचा डिरेलर तेवढाच वर सरकवावा लागला. मागच्या डिरेलरला किती सैल साखळी गुंडाळता येते याची एक मर्यादा असते. हिशेब सोपा आहे: पुढच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक २०, मागच्यांतला १४, बेरीज ३४. आपला डिरेलर तेवढ्याला पुरतो का, हे आधी पाहावे. साखळी आणि मागचे फ्रीव्हील एकाच वेळी बदलले, कारण झिजलेल्या दातांवर नवी साखळी उड्या मारते. जुनी साखळी झिजली आहे का हे पाहायला मिस्त्री लागत नाही, फूटपट्टी पुरते. चोवीस पिनांचे अंतर बरोबर १२ इंच असावे. ते १/१६ इंचाने वाढले असेल तर साखळी बदलायची वेळ आली. टायर २६ बाय दीड इंची गुळगुळीत घातले.

दोन मते इथे नोंदवतो. पहिले, पुष्कळ जण सर्वांत जड गिअरच्या मागे लागतात. त्यासाठी मागे ११ दातांचे चक्र असलेले कॅसेट आणि त्याबरोबर मागची हबही बदलतात. हमरस्त्यावर लांब पल्ल्याला ते ठीक. शहरात दर चारशे मीटरला सिग्नल असताना त्या गिअरपर्यंत पोचणार कधी? आमचा वरचा गिअर ७७ वरून ८६ इंच झाला, तेवढा पुरतो. मिनिटाला ८० वेळा पायडल मारले तर ताशी ३३ किलोमीटर होतात, आणि या रस्त्यांवर त्याहून जास्त वेगाने सायकल चालवू नये. दुसरे, खरा फायदा टायरने झाला. सुरुवातीला नऊ किलोमीटरला ३७-३८ मिनिटे लागत, नुसते टायर बदलल्यावर ३३ आणि गिअरनंतर ३०. म्हणजे ज्याला एवढा खटाटोप नको त्याने टायर बदलून हवा नीट भरावी, निम्म्याहून जास्त काम तिथेच होते.

महिनाभर चालवल्यावर आम्ही सहज तपासले की दिवसभरात कोणता गिअर सर्वांत जास्त वापरला जातो. पुढे ४८, मागे तिसरे चक्र, ते १८ दातांचे. हिशेब केला तर ६७ इंच. त्या माळ्यावरच्या काळ्या सायकलीचा ६८. जुन्या कारखान्यांनी सपाट रस्त्यावरच्या माणसाच्या पायाचे माप बरोबर घेतले होते. बाकीचे गिअर हवेत ते एर्रम मंझिलच्या चढासाठी, पुलासाठी आणि उलट्या वाऱ्यासाठी. तिथे आम्ही मधल्या ३८ वर उतरतो, आणि मागे बावीस-चोवीस दात घेतले की चढ बसल्या बसल्या संपतो. गुडघे कुरकुरत नाहीत.

राज्यात सायकलीसाठी अलीकडे काही झालेच नाही असे नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला आउटर रिंग रोडलगत २३ किलोमीटरचा, वर सौर पॅनेलचे छत असलेला मार्ग खुला झाला. उन्हातान्हात तिथे चालवायला बरे वाटते. काचिगुड्याच्या माणसाला मात्र तिथे सायकल गाडीच्या मागे बांधून न्यावी लागते, त्यामुळे तो रविवारचा मार्ग आहे, सोमवारचा नाही. महाराष्ट्रात नाशिकचे महाजन डॉक्टर बंधू २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करून आले, ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यांचे कौतुक आपल्याकडे झाले, व्हायलाच हवे. सोमवारी सायकलवर कचेरीला जाणाऱ्याकडे मात्र लोक अजून ‘पेट्रोल महागले वाटते’ अशाच नजरेने पाहतात.

मिस्त्रीचाचांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. कॉटर पिन ठोकून काढणे, स्पोक वाजवून रिमचा आढा काढणे, स्टर्मीची हब उघडून पुन्हा बसवणे हे त्यांच्या हातात आहे तोवर आहे. आपल्यापैकी कोणाकडे जुनी रॅले, हंबर किंवा तीन गिअरची हब असेल तर ती भंगारात देण्यापूर्वी त्यांना एकदा दाखवावी. त्यांचे दुकान सकाळी अकराला उघडते, शुक्रवारी बंद असते. माउंटन बाइकचे काम काढायचे असेल तर क्रँकच्या मधल्या धुरीची लांबी आधी मोजून कागदावर लिहून न्यावी, चाचांना चष्म्याशिवाय ते आकडे दिसत नाहीत.